आधी नाव सांगा, मग वेशीच्या आत या

जालन्याचे जिल्हाधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे इथले उपप्रादेशिक कार्यालय, एमआयडीसी, जालना महानगरपालिका, दिनेगावच्या ड्राय पोर्टचा कारभार ज्यांच्या हाती आहे ते अधिकारी आणि जिल्ह्यात रसायन आणणारे, विकणारे, वापरणारे सगळे लहानमोठे उद्योजक व व्यापारी, या सर्वांना हा जाहीर इशारा आहे. याला निवेदन समजून फाईलला लावू नका. निवेदनांच्या शिक्का मारलेल्या पोचपावत्या आमच्याकडे गठ्ठ्याने आहेत.

हा मजकूर छापून आला त्या दिवसापासून साठ दिवस मोजायला लागा. साठच का, ते पुढे सांगतो.

विषय फ्लोरिनचा आहे. आणि पहिल्याच पायरीवर एक घोळ निस्तरतो, कारण उत्तर काय येणार ते आम्हाला आताच दिसते आहे: "फ्लोराइड तपासले आहे, मर्यादेत आहे." मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड, ज्याने दात पिवळे पडतात आणि हाडे वाकतात, ते वेगळे. ते खडकातून येते, त्याची मर्यादा लिटरला एक ते दीड मिलिग्रॅम अशी ठरलेली आहे आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत ते मोजता येते. आम्ही बोलतो आहोत ते माणसाने कारखान्यात घडवलेल्या, कार्बन आणि फ्लोरिन यांची सांगड घातलेल्या हजारो पदार्थांबद्दल. जगभर त्यांना पीफास म्हणतात. फ्लोराइडच्या चाचणीत ते दिसत नाहीत. तेव्हा फ्लोराइडचा अहवाल जोडून उत्तर पाठवू नका, परत पाठवू.

या पीफासच्या कुळातली एक शाखा आता संशोधनाच्या कागदांतून बाजाराकडे निघाली आहे. फ्लोरिनयुक्त पॉलिमर, सर्फॅक्टंटचे म्हणजे द्रवाचा पृष्ठताण कमी करायचे काम करणारे आणि वर जंतूही मारणारे. युक्ती समजून घेण्यासारखी आहे. साध्या पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर. साबण घातला की तो तिशीच्या आसपास येतो. फ्लोरिनवाले सर्फॅक्टंट तो विशीच्याही खाली नेतात, आणि तेही चिमूटभर मात्रेत. म्हणून रंग भिंतीवर एकसारखा बसतो, पॉलिश फरशीवर डाग न ठेवता पसरते, आगीवरचा फेस पेटत्या पेट्रोलवर पातळ पडद्यासारखा अंथरला जातो. आता याच रेणूला एका बाजूने फ्लोरिनची शेपटी ठेवली आणि दुसऱ्या बाजूने क्वाटर्नरी अमोनियमचा विद्युतभारित तुकडा जोडला, तर काय होते? फ्लोरिनच्या शेपटीला पाणीही नको असते आणि तेलही. ती हवेच्या दिशेने वर सरकते आणि जाताना अमोनियमचा तुकडा पृष्ठभागापर्यंत ओढून नेते. तिथे येऊन बसलेल्या जिवाणूचे आवरण तो तुकडा फाडतो. कापड पाणी झटकते, डाग धरत नाही, जंतू मरतात. एकाच लेपात तीन कामे.

रसायनशास्त्र म्हणून हे सुंदर आहे, आणि ज्यांनी ते घडवले त्यांच्या बुद्धीला आमचा नमस्कार. भानगड त्यानंतरची आहे.

कार्बन आणि फ्लोरिनचा बंध हा सेंद्रिय रसायनातला सर्वांत बळकट एकेरी बंध. ऊन, पाऊस, मातीतले जिवाणू, आपले यकृत, कोणालाच तो सहजी तोडता येत नाही. पाणी उकळून पीफास जात नाही. उलट पाणी आटते आणि ते जास्त दाट होतात. ब्लीचिंग पावडर आणि तुरटी यांचा त्यांच्यावर काही इलाज चालत नाही. पीएफओए नावाचे यातले एक आठ कार्बनी रसायन एकदा रक्तात शिरले की त्यातले निम्मे बाहेर पडायला दोन ते चार वर्षे लागतात. ते वारेतून गर्भात जाते, दुधातून बाळाच्या पोटात जाते. २०२३ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवले. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात आहेत.

उत्पादक म्हणतील, पॉलिमर म्हणजे मोठा रेणू, तो शरीरात शिरतच नाही. मुख्य साखळीपुरते हे मान्य करू. कडेला लोंबणाऱ्या फ्लोरिनच्या फांद्यांचे काय? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्याच शास्त्रज्ञांनी असे फांद्यांचे पॉलिमर मातीत ठेवून पाहिले आणि त्यांतून पीएफओए सुटते असे २००९ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे पडदा झिजतो, कपडा विटतो, रंगाचे पोपडे पडतात, आणि जे शरीरात जाणार नाही असे सांगितले होते ते सुटे होऊन नाल्याला लागते.

आता जालन्याच्या बाजारात या. दवाखान्यांसाठी पडदे, चादरी, एप्रन विकणारा प्रतिनिधी डॉक्टरांसमोर कापड पसरतो, त्यावर ग्लासातले पाणी ओततो, पाण्याचे मणी घरंगळत खाली पडतात. "अँटीबॅक्टेरियल आहे साहेब, डागही पडत नाही." कोविडनंतर या शब्दाला जी किंमत आली ती कमी झालेली नाही. जंतुरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच मालात फ्लोरिन असते असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ ठिकाणी चांदी असते, कुठे नुसते क्वाटर्नरी अमोनियम असते. पण लेबल वाचून ते कळत नाही. एक खूण मात्र घरच्या घरी पाहता येते. पाणी झटकायला मेण किंवा सिलिकॉन पुरते. तेल झटकायचे तर फ्लोरिनच लागते. त्या कापडावर पाण्याऐवजी गोडेतेलाचा थेंब ठेवा. थेंब मुरला तर ठीक. मण्यासारखा उभा राहिला तर विक्रेत्याला विचारा की फिनिश कोणते आहे, आणि उत्तर लेखी मागा. जिल्ह्यातल्या डॉक्टर मंडळींनी आणि शाळेच्या गणवेशाची कंत्राटे काढणाऱ्यांनी एवढे जरी केले तरी निम्मे व्यापारी पुढच्या वेळी कागद घेऊनच येतील.

दुसरी जागा कृषी सेवा केंद्राची. कपाशीचे पान गुळगुळीत, फवारा त्यावर थांबत नाही, म्हणून औषधासोबत "स्टिकर" घ्यायची सवय आता गावोगाव आहे. टाकीत पाच-दहा मिली ओतले की थेंब पानावर चपटा होऊन पसरतो. बदनापूर, अंबड, घनसावंगीकडे मोसंबीवरही तेच चालते. बहुतेक स्टिकर सिलिकॉनचे असतात. पण बाटलीवर "पसरवणारे, चिकटवणारे, भेदणारे" असे गुण मोठ्या अक्षरात आणि घटक जवळजवळ कुठेच नाही. त्यात पीफासही असू शकतात, हा संशय आमच्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेने २०२२ मध्ये कीटकनाशकांत मिसळायला परवानगी असलेल्या निष्क्रिय घटकांच्या यादीतून १२ पीफास काढून टाकले. त्याआधी मॅसॅच्युसेट्समध्ये डासांच्या औषधात पीफास सापडले तेव्हा शोध घेतल्यावर मूळ निघाले प्लास्टिकच्या डब्यात: डबा झिरपू नये म्हणून त्याच्या आतल्या अंगाला फ्लोरिनची प्रक्रिया केली होती, आणि तिथून ते औषधात उतरले होते. बियाण्यांच्या धंद्यात देशभर नाव कमावलेल्या या जिल्ह्याला बाटलीत काय आहे हे विचारायची लाज वाटायचे कारण नाही.

आता खरा धडा. तो इटलीतून कोकणात आलेला आहे.

इटलीच्या व्हेनेतो प्रांतात व्हिचेन्झा शहराजवळ त्रिस्सिनो नावाचे गाव आहे. तिथे १९६० च्या दशकापासून फ्लोरिनची रसायने बनत. १९८८ मध्ये कारखान्याचे नाव मिटेनी झाले. मित्सुबिशी आणि तिथली सरकारी एनिकेम यांची ती भागीदारी. पुढे तो पूर्ण मित्सुबिशीकडे गेला आणि २००९ मध्ये दुसऱ्या एका युरोपीय समूहाला विकला गेला. कारखाना नेमका भूजल भरणाऱ्या पट्ट्यावर उभा होता. २०१३ मध्ये पाण्यातले पीफास उघड झाले, तोवर काही दशके लोटली होती. व्हिचेन्झा, व्हेरोना आणि पादोवा या तीन जिल्ह्यांतले साडेतीन लाखांच्या आसपास लोक त्याच पाण्यावर होते. मुलांच्या रक्ताचे अहवाल हातात पडल्यावर आया रस्त्यावर उतरल्या, कारखान्याच्या फाटकापासून न्यायालयाच्या दारापर्यंत गेल्या. २०१८ मध्ये मिटेनीने दिवाळखोरी जाहीर केली. २६ जून २०२५ रोजी व्हिचेन्झाच्या न्यायालयाने ११ अधिकाऱ्यांना दोषी ठरवून एकूण १४१ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या.

कारखाना बंद पडला, यंत्रे मात्र शिल्लक होती. ती २०१९ मध्ये लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या आपल्या महाराष्ट्रातल्या समूहाने घेतली. यंत्रसामग्री, पेटंट आणि तांत्रिक माहितीसकट. रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत यलोस्टोन फाइन केमिकल्स या उपकंपनीमार्फत फ्लोरिन रसायनांचा प्रकल्प उभारायचा, हे कंपनीने मार्च २०२१ मध्ये समभाग विक्रीला काढताना स्वतःच्या माहितीपत्रकात छापले. इथे न्यायाने बोलू. दिवाळखोरीत निघालेला माल विकत घेणे गुन्हा नाही. मिटेनीच्या काळात झालेल्या पापाचे ओझे खरेदीदाराच्या डोक्यावर घालता येत नाही, आणि त्याच यंत्रांत तेच रसायन बनते असे म्हणायला आमच्याकडे पुरावा नाही, म्हणून तसे आम्ही म्हणतही नाही. आमचा मुद्दा वेगळाच आहे. शेअर घेणाऱ्याला जे २०२१ मध्ये शेकडो पानांच्या पुस्तकात वाचायला मिळाले, ते लोटे, पीरलोटे, धामणदेवीच्या माणसाला मराठीत, चावडीवर कोणी वाचून दाखवले? दाभोळ खाडीत मासे मरण्याचे प्रकार ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिले त्या मच्छीमारांना विचारले कोणी? गुंतवणूकदाराला जोखीम सांगायचे बंधन कायद्याने आहे. शेजाऱ्याला मात्र कोणी सांगत नाही.

यावर आमच्याच गावातले शहाणे लोक म्हणतात, "लोटे कुठे, जालना कुठे. आपल्याकडे सळया बनतात, बी-बियाणे निघते. असला कारखाना आहेच कुठे?" नाही, हे आम्हालाही माहीत आहे. म्हणूनच आता बोलतो आहोत. कारखाना उभा राहिल्यावर, दोन-तीनशे पोरे तिथे कामाला लागल्यावर, सरपंचाच्या मेव्हण्याला पाण्याच्या टँकरचे कंत्राट मिळाल्यावर बोलून काही होत नसते. मराठवाड्याचा अनुशेष, हाताला काम नसणे, पोरांचे पुण्याला जाणे, ही आपली दुखरी नस आहे आणि ती बाहेरच्याला बरोबर माहीत असते. "तुमच्याकडे नको असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जातो," या एका वाक्यावर इथे आजवर किती माना डोलल्या ते आठवून पाहा.

शिवाय कारखाना इथे नसला तरी पिण्याचे पाणीही इथले नाही. शहराची तहान निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावाने एके काळी भागवली. आता मुख्य भिस्त पैठणच्या जायकवाडीवर आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात ही नळयोजना म्हणजे काय चीज आहे हे जालन्याइतके कोणाला कळले नसेल. जायकवाडीच्या त्या नाथसागर जलाशयात वरून काय येते? छत्रपती संभाजीनगरातून वाळूजच्या बाजूने उतरणारी खाम नदी येते. वाळूजला वाहनउद्योगाच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत, आणि क्रोम प्लेटिंगच्या हौदावरची विषारी वाफ दाबायला जगभर वर्षानुवर्षे पीएफओएस हेच पीफास वापरले गेले. तिथे आज काय वापरतात ते सांगा, एवढेच आमचे म्हणणे. पैठण रस्त्यावर बिडकीनची नवी वसाहत उभी राहते आहे. विजेवरच्या गाड्या येणार, बॅटऱ्या येणार. बॅटरीच्या आत फ्लोरिनचा पॉलिमर आणि फ्लोरिनचा क्षार दोन्ही असतात. येऊ द्यात. पण सांडपाण्याच्या नळावर कोणते मीटर बसणार आहे?

किती पीफास म्हणजे धोका, याचा हिशेब पाटबंधारे खात्याच्या भाषेत करू. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओए आणि पीएफओएससाठी लिटरला चार नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. म्हणजे एक दलघमी पाण्याला चार ग्रॅम. जायकवाडीचा जिवंत साठा २१७१ दलघमी. धरण काठोकाठ भरलेले असताना, सगळे पाणी एकसारखे ढवळले असे धरले, तर नऊ किलोही लागत नाहीत, ८.७ किलोत मर्यादा संपते. आणि आपले धरण दरसाल काठोकाठ भरते असे कोणी आम्हाला सांगू नये. मेमध्ये तळाला गेलेल्या पाण्यात तेवढाच पदार्थ किती पट दाट होतो, हे गणित चौथीच्या मुलालाही येईल.

देशाचा कायदा काय म्हणतो? पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात पीफासचा रकानाच नाही. न तुटणाऱ्या विषारी रसायनांवरच्या स्टॉकहोम करारात भारत २००६ पासून आहे. त्या करारात पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये आले. २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने करारातली सात नवी रसायने मान्य केली, त्यांत ही दोन्ही नव्हती. युरोपात जानेवारी २०२६ पासून पिण्याच्या पाण्यातल्या २० पीफासच्या बेरजेला लिटरला १०० नॅनोग्रॅमची मर्यादा लागू आहे. आपल्याकडे मर्यादा नाही, म्हणून मोजणी नाही. मोजणी नाही, म्हणून अडचण नाही. अडचण नाही, म्हणून मर्यादेची गरज नाही. हे चक्र दिल्लीत फोडायचे तेव्हा फुटेल. चेन्नईच्या पाण्यात आयआयटी मद्रासच्या लोकांनी मोजले, तेव्हा हरित न्यायाधिकरणाला दखल घ्यावी लागली. जालन्यात मोजायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

तेव्हा आता काय हवे ते ऐका.

पहिल्या पंधरा दिवसांत जिल्हाधिकारी साहेबांनी एक जबाबदार अधिकारी नेमून त्याचे नाव जाहीर करावे. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांप्रमाणे जिल्हा आपत्ती गटाचे अध्यक्ष आपणच आहात. त्या गटाची बैठक बोलवा, विषयपत्रिकेवर पहिला विषय पीफास ठेवा आणि इतिवृत्त संकेतस्थळावर टाका.

तीस दिवसांत प्रदूषण मंडळ आणि एमआयडीसी यांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक संमतीधारक उद्योगाकडून प्रतिज्ञापत्र घ्यावे: आमच्याकडे फ्लोरिनयुक्त सर्फॅक्टंट, फ्लोरिनयुक्त पॉलिमर किंवा त्यांचे लेप येतात की नाही, येत असतील तर कोणत्या नावाचे, किती किलो, आणि उरलेले कुठे जाते. "व्यापारी गुपित" हे उत्तर आम्ही घेणार नाही. मिश्रणाचे प्रमाण गुपित असू शकते. पाण्यात काय सोडता ते गुपित असू शकत नाही. महापालिकेच्या अग्निशमन दलाने आपल्याकडचा फेस तपासावा. डबा काढा, वरचे नाव वाचा. पेट्रोलच्या आगीवर पडदा धरणारा जुन्या पद्धतीचा फेस फ्लोरोसर्फॅक्टंटवर चालतो, आणि जगात जिथे जिथे विमानतळांच्या आसपासच्या विहिरी पीफासने नासल्या तिथे मुख्य कारण सरावासाठी उडवलेला हाच फेस निघाला. फ्लोरिनविरहित फेस बाजारात मिळतो. समृद्धी महामार्गाच्या आपत्कालीन गाड्यांनाही हेच लागू. निदान सराव तरी साध्या पाण्याने करा, आजपासून.

ड्राय पोर्टचे वेगळे सांगतो. मिटेनीची यंत्रे कंटेनरमधून समुद्र ओलांडून आली. ड्राय पोर्ट म्हणजे समुद्राचे बंदर आमच्या शिवारात आणून ठेवणे. आम्ही त्याच्या विरोधात नाही, मोसंबी आणि कापूस त्यातूनच बाहेर जावा अशी आमची इच्छा आहे. पण बाहेर जाणाऱ्या दारातून आतही येता येते. वापरलेली रासायनिक यंत्रसामग्री, फ्लोरिन रसायनांचे पिंप, औद्योगिक टाकाऊ माल यांची आवक महिन्याच्या महिन्याला जाहीर करण्याची पद्धत आताच लावून घ्या. बंदर पूर्ण गजबजल्यावर ती लागणार नाही.

आणि साठाव्या दिवसापर्यंत पाण्याचे अहवाल. जायकवाडीच्या जलवाहिनीचे अंबडच्या बाजूचे पाणी, घाणेवाडी, मोती तलाव, शहरातून बाहेर पडल्यानंतरची कुंडलिका आणि औद्योगिक वसाहतीलगतच्या विहिरी. कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला; तेव्हा परतूर, सेलू, परभणीच्या लोकांनीही हे वाचून ठेवावे. नमुने घेताना पद्धत पाळा. बाटली पॉलिप्रॉपिलीनची, झाकणाला टेफ्लॉन नको, आणि नमुना घेणाऱ्याने जलरोधक जॅकेट घालून धरणावर जाऊ नये, नाहीतर पाण्याऐवजी जॅकेटच मोजले जाईल. आयसीटी, १९३३ पासून रसायन तंत्रज्ञानात या देशाला माणसे पुरवणारी संस्था, २०१८ मध्ये जालन्यात परिसर उघडून बसली आहे. सरकारने जमीन दिली, गावाने कौतुक केले. आता गावाचे काम आहे. तिथल्या प्राध्यापकांना मोजणी अवघड नाही. यंत्र इथे नसेल तर नमुने संस्थेच्या मुंबईतल्या माटुंग्याच्या मुख्य परिसरात न्या. विद्यार्थ्यांना याहून चांगला प्रकल्प कुठे मिळणार? आणि उद्या तिथल्याच कोणी जंतुरोधक फ्लोरोपॉलिमरवर प्रबंध लिहिला, तर शेवटचे प्रकरण "तुटल्यावर याचे काय होते" या नावाचे असावे, असे आमचे मार्गदर्शकांना सांगणे आहे.

उद्योजकांना एक शब्द. तुम्ही आमचेच आहात. वसाहतीतल्या रात्रीच्या धुराबद्दल आपले भांडण आहे ते राहू द्या. पण एक उदाहरण ऐका. अमेरिकेत १९५१ पासून पीएफओए वापरणाऱ्या ड्युपाँट कंपनीने पार्कर्सबर्ग शहराच्या आसपासच्या, पाणी नासलेल्या लोकांना गप्प बसवता येईल असे धरले होते. जवळपास ६९,००० लोकांचे रक्त तपासले गेले, सहा आजारांशी संबंध जुळला, आणि २०१७ मध्ये ड्युपाँट आणि तिच्यातून निघालेल्या कंपनीने मिळून ६७ कोटी डॉलर मोजून दावे मिटवले. पीफासच्या धंद्यात आघाडीवर असलेल्या ३एम कंपनीनेच डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले की २०२५ च्या अखेरीपर्यंत पीफास बनवणे बंद. जगाने जे टाकून द्यायला काढले ते स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका.

आता साठ दिवसांचे. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ च्या कलम १९ प्रमाणे कोणीही नागरिक सरकारला किमान साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात तक्रार घेऊन जाऊ शकतो. म्हणजे यंत्रणेला जागे व्हायला किती वेळ पुरतो हे कायद्यानेच ठरवले आहे. आम्ही एक दिवसही कमी केलेला नाही. जिथे संमतीच्या अटी मोडल्याचे आम्हाला दिसेल तिथली स्वतंत्र नोटीस स्पीड पोस्टने जाईल. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने या पर्यावरण कायद्यातल्या उल्लंघनासाठीचा तुरुंग काढून दंड ठेवला, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत, हे आम्हाला ठाऊक आहे. पंधरा लाखांत आजकाल जालन्यात प्लॉटही येत नाही. म्हणून दंडावर आमची भिस्त नाही.

एकसष्टाव्या दिवशी चार गोष्टी सुरू होतील. पाण्याचे नमुने आम्ही वर्गणी काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवू आणि आकडे, जे येतील ते, चौकाचौकात फलकावर लिहू. चांगले आले तरी लिहू. प्रत्येक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज पडेल आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही तर एकतिसाव्या दिवशी अपील. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणाकडे अर्ज जाईल. आणि पुढच्या ग्रामसभेत आठही तालुक्यांतल्या गावांत, जालना ते मंठा, एकच ठराव मांडला जाईल: ज्या उद्योगाने आपल्या रसायनांची नावे मराठीत जाहीर केली नाहीत, त्याला गावाची शिफारस नाही, गावठाणाचे पाणी नाही, गायरानातून रस्ता नाही. औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड जनसुनावणी टाळता येते हे आम्ही जाणतो. कुंपणापर्यंत पोचायचा रस्ता मात्र गावातूनच जातो.

उपोषण, रास्ता रोको यांची तारीख आम्ही आज देत नाही. ती वेळ येऊ नये असे मनापासून वाटते. आली तर तारीख आठ दिवस आधी कळवू, कारण त्या रस्त्याने दवाखान्यात जाणारी माणसेही आमचीच आहेत.

उत्तरे मराठीत द्यावीत. प्रयोगशाळेचे तक्ते इंग्रजीत असले तरी चालतील. ज्या पानावर अधिकाऱ्याची सही, नाव आणि तारीख आहे ते पान मराठीत हवे. "कार्यवाही सुरू आहे" एवढाच मजकूर असलेले पत्र उत्तर म्हणून धरले जाणार नाही.